सुई टोचल्यावरच्या गोळ्या: नाशिकच्या सरकारी पीईपी सेवेचा अनुभव

मी नाशिकमध्ये होम कलेक्शनचं काम करतो. सकाळी सहापासून लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, ट्यूबवर नाव-वय लिहायचं, थंड बॅगेत ठेवायचं आणि पुढचं घर गाठायचं. इंदिरानगर, गोविंदनगर, गंगापूर रोड हा माझा पट्टा. मिसळीच्या हॉटेलांचे आणि मोबाईलचे रिव्ह्यू पोत्याने मिळतात. पण दुसऱ्याच्या रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून जी औषधं देतात (त्यांनाच पीईपी, म्हणजे पोस्ट-एक्स्पोजर प्रॉफिलॅक्सिस म्हणतात), ती घ्यायला गेल्यावर प्रत्यक्षात काय काय होतं, हे मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. मला ते हवं होतं, आणि फार घाईने हवं होतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. औषधाला पाचपैकी पाच. समुपदेशक मॅडमना पाचपैकी पाच. कॅज्युअल्टीच्या खिडकीला दोन. आणि ज्या लॅबसाठी तेव्हा काम करत होतो तिला काहीच नाही. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खिडकीला दोन तारे दिले म्हणून जाब विचारला जाईल तो नेमका त्या सिस्टरला, जिने मला सांभाळून घेतलं. आपल्याकडे असाच न्याय असतो.

तर, इंदिरानगरमधले एक आजोबा. प्रेसमधून निवृत्त झालेले, मधुमेह जुना, दर तीन महिन्यांनी मीच जायचो. शीर हाताला लागत नव्हती म्हणून बटरफ्लाय, म्हणजे नळी जोडलेली बारीक सुई घेतली. रक्त नीट आलं, ट्यूब भरल्या, सुई बाहेर काढली आणि त्याच क्षणी आजोबांना खोकल्याची उबळ आली. त्यांचा हात उडाला, सुई माझ्या डाव्या तर्जनीत. ग्लोव्ह होता, पण सुईपुढे ग्लोव्ह काय करणार.

अशा वेळी बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा डेटॉल ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, एवढंच. डोळ्यात रक्त उडालं असेल तर नुसत्या पाण्याने धूत राहायचं. मी आजोबांच्या बेसिनवर बोट धरून उभा होतो आणि सूनबाई मागून विचारत होत्या, “काय झालं हो, हळद देऊ का?” माया होती त्यात, पण हळद नको होती.

लॅबच्या सरांना फोन केला. त्यांचं उत्तर: “अरे, घरगुती म्हातारा माणूस आहे, त्याला काय असणार? स्पिरिट लाव आणि पुढचं कलेक्शन उरक, फास्टिंगवाले थांबलेत.” पंधरा वर्षं लॅब चालवणारा माणूस हे बोलतो. चेहरा, वय, जात, घरातलं देवघर बघून एचआयव्ही आहे की नाही हे कळत असतं तर लॅब कशाला काढली असती? मी सॅम्पलची बॅग जोडीदाराकडे सोपवली आणि गाडी दवाखान्याकडे वळवली. कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ता उखडलेला, त्यात सकाळच्या शिफ्टच्या बसेस. वाटेत डोक्यात नुसते आकडे फिरत होते, कारण धंद्यामुळे ते पाठ आहेत. एचआयव्ही असलेल्या माणसाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक. आणि आजोबांना एचआयव्ही असेलच असंही नाही. कागदावर हे सगळं फार धीराचं आहे. पण सुई पोकळ होती, शिरेतून नुकतीच निघालेली होती आणि तिच्यात रक्त दिसत होतं. धोका वाढवणाऱ्या यादीत नेमक्या याच गोष्टी असतात, आणि तीही यादी मला पाठ आहे.

आता खिडकी.

“काय झालं?”

“पेशंटची सुई टोचलीय. पीईपी पाहिजे.”

“काय पाहिजे?”

“पीईपी. एचआयव्हीचं...”

मागे लेकराला कडेवर घेतलेले एक दादा उभे होते, ते अर्धं पाऊल मागे सरकले. खिडकीतला माणूस वर न बघता म्हणाला, “ते आयसीटीसीत, चाचणी केंद्रात. साडेनऊनंतर या. बहात्तर तास असतात त्याला.”

हा बहात्तर तासांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि तोच घात करतो. बहात्तर तासांनंतर औषध सुरू करून उपयोग नाही, असा त्याचा अर्थ आहे. तोवर निवांत बसा असा नाही. पहिली गोळी जमलं तर दोन तासांच्या आत पोटात जावी असं सांगतात, आणि नंतरचा प्रत्येक तास तुमच्या विरुद्ध जातो. म्हणूनच सुरुवातीची औषधं कॅज्युअल्टीत, लेबर रूममध्ये चोवीस तास हाताशी ठेवायची असतात. सुई काही साडेनऊ ते पाच या वेळेत टोचत नाही. घरोघरी रक्त घेणाऱ्यांना सकाळी टोचते, बाळंतपण करणाऱ्या सिस्टरला रात्री तीनला टोचते, घंटागाडीवरच्या माणसाला कुणीतरी सुक्या कचऱ्यात टाकलेली सिरिंज भल्या सकाळी टोचते. अत्याचार झालेली बाई तर कुठल्या वेळी येईल, काय सांगावं. मला नियम माहीत होता म्हणून मी हुज्जत घातली. ज्याला माहीत नाही तो मान हलवून बाहेरच्या टपरीवर चहा पीत बसेल आणि दोन-तीन तास गमावेल. दोन तारे का, याचं उत्तर हेच.

आवाज ऐकून आतून सिस्टर आल्या. पन्नाशीच्या असतील. “किती वाजता टोचली, दादा?” हा त्यांचा पहिला प्रश्न. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे यावर थोडा गोंधळ झाला, मग डबा आला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी वेळ, सुईचा प्रकार, किती खोल गेली, दुसरी काही औषधं चालू आहेत का, किडनीचा त्रास आहे का, कावीळ ब ची लस झाली आहे का, हे भराभर विचारलं आणि पहिली गोळी समोरच घ्यायला लावली. “आधी गोळी, कागद नंतर,” असं सिस्टरच म्हणाल्या. तपासणीसाठी रक्त देणं नंतर झालं तरी चालतं, त्यासाठी पहिला डोस अडवून ठेवायचा नसतो.

गोळी एकच असते, टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० एकत्र. दिवसातून एकदा, २८ दिवस. एचआयव्हीसोबत जगणारी माणसं रोज आयुष्यभर घेतात तीच ही गोळी. पूर्वी झिडोव्हुडिन असायचं. जुने सहकारी त्या गोळ्यांच्या मळमळीच्या आणि अशक्तपणाच्या कहाण्या सांगतात. तरी त्या एकट्या झिडोव्हुडिननेही सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांमधला धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९७ मध्ये छापून आलं होतं. आताचं औषध सोसायलाही सोपं आहे.

आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. लांब कॉरिडॉरच्या टोकाला, लाल रिबीन काढलेलं दार. तिथे बाकावर बसलेलो असताना शिपाई दारातून ओरडला, “पीईपीवाले कोण?” सगळ्या बाकाने माझ्याकडे बघितलं. कायद्याने गोपनीयता दिलीय, कागदावर नावाऐवजी नंबर टाकलाय, आणि दारात अशी आरोळी! मॅडमनी त्याला तिथल्या तिथे आत बोलावून समज दिली, ते दाराबाहेर ऐकू आलं. माझ्या दृष्टीने हिशेब मिटला.

मॅडमच्या खोलीत पंखा नीट चालत नव्हता आणि खुर्ची डगमगत होती, पण माझ्या आयुष्यात दवाखान्यात कुणी इतका वेळ माझ्याशी बसून बोललेलं नाही. औषध काय करतं ते त्यांनी असं सांगितलं: विषाणू शरीरात शिरला तरी लगेच सगळीकडे पसरत नाही. आधी जखमेजवळच्या पेशींत, मग जवळच्या गाठींत, असं करत त्याला दोन-तीन दिवस लागतात. पेशीत शिरल्यावर तो आधी स्वतःची नक्कल तयार करतो आणि मग ती आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो. गोळीतली दोन औषधं पहिलं काम थांबवतात, तिसरं दुसरं. एकदा का तो डीएनएत जाऊन बसला की त्याला बाहेर काढणारं औषध आज तरी नाही. बहात्तर तास कुठून आले ते मला लॅबमध्ये इतकी वर्षं काढून त्या खोलीत पहिल्यांदा नीट कळलं.

मग माझी चाचणी. त्याआधी तोंडी समजावणं आणि संमतीची सही. बोटाएवढ्या पट्टीवरची रॅपिड टेस्ट, अर्ध्या-पाऊण तासात उत्तर. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तर तिथेच थांबतात. रिअॅक्टिव्ह आली तर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या केल्याशिवाय कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. माझी निगेटिव्ह. पण मॅडमनी बजावलं की हा रिपोर्ट आजच्या सुईबद्दल काहीच सांगत नाही, आजच्या आधीची पाटी कोरी आहे एवढंच सांगतो.

यानंतर जे झालं ते मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “पेशंटची तपासणी झाली तर बरं. ते निगेटिव्ह निघाले तर डॉक्टर बहुतेक तुमच्या गोळ्या थांबवतील.” आता गंमत बघा. त्याच पेशंटचं रक्त माझ्याच बॅगेतून लॅबमध्ये पोचलं होतं. सीरमचे चार थेंब उचलायचे, पट्टीवर टाकायचे, वीस मिनिटांत उत्तर. कुणाला कळलंही नसतं. सरांना कळलं असतं तर त्यांनी उलट, “करून टाक,” म्हटलं असतं, आणि तसं ते म्हणालेच. मी केलं नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात माणसाची संमती घेतल्याशिवाय चाचणी करायची नाही असं स्पष्ट आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ते आजोबा मला विश्वासाने हात देतात तो साखर तपासायला.

म्हणून संध्याकाळी परत गेलो आणि सरळ विचारलं. आजोबा शांतपणे ऐकत होते. “माझ्यामुळे तुला गोळ्या खाव्या लागतायत होय? घे बाबा, हा हात,” म्हणाले. पण मुलगा कामावरून आला आणि बिनसलं. “आमच्या घरात असलं काही नसतं. उद्या रिपोर्टला काही चुकीचं आलं तर? सोसायटीत कळलं तर?” मी सांगितलं की सरकारी केंद्रात मोफत होतं, नाव बाहेर जात नाही. त्याने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी मान खाली घातली. विषय संपला. मला राग आला नाही असं नाही, पण “नाही” म्हणायचा हक्क नसेल तर संमतीच्या त्या सहीला अर्थ काय राहतो? पेशंटची स्थिती माहीत नाही असं धरून डॉक्टरांनी पूर्ण कोर्स द्यायचं ठरवलं. मुलगा आता रक्ताला दुसऱ्या कुणाला बोलावतो, असं ऐकतो.

गोळ्यांचे दिवस फार सांगण्यासारखे नाहीत. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडं डोकं जड, झोप तुटक. नंतर तेही गेलं. रोज ठरलेल्या वेळी, रात्री जेवण झाल्यावर. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मला मॅडमनी तीनदा विचारून सांगितली: अॅसिडिटीच्या अँटासिड गोळ्या आणि पातळ औषधं यांचं डोल्युटेग्राव्हिरशी जमत नाही, औषध अंगात नीट उतरू देत नाहीत. गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगायचं. मी नाशिकचा, रविवारी मिसळ आणि सोमवारी अँटासिड हे माझं ठरलेलं वेळापत्रक. ते महिनाभर मोडलं. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही आधीच बोलावं, डोस बघावा लागतो. बाटली ३० गोळ्यांची असते, कोर्स २८ दिवसांचा. उरलेल्या दोन मी परत दिल्या. मित्राला, भावाला “असू दे जवळ” म्हणून देण्याची ही गोष्ट नाही.

घरी हिला पहिल्याच रात्री सांगितलं. सांगावंच लागतं, कारण शेवटच्या चाचणीपर्यंत कंडोम वापरायचा असतो, रक्तदान करायचं नसतं, मूल हवं असेल तर ते पुढे ढकलायचं असतं. ती म्हणाली, “अहो, मग रोज गोळी मीच हातात देत जाईन,” आणि दिली. मॅडमनी तिलाही एकदा बोलावलं होतं. “नवऱ्याचं ताट-वाटी वेगळी केलीत का?” असं विचारून आधी हसवलं आणि मग समजावलं. ही पद्धत मला आवडली.

बाकावर भेटलेल्या एका मुलाबद्दल फक्त एवढं: त्याची गोष्ट सुईची नव्हती. कंडोम फाटला असेल, संबंधांनंतर शंका असेल, तरीही घड्याळ तेच बहात्तर तासांचं असतं आणि डॉक्टर धोका तोलून ठरवतात. कुठे टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नये, एचआयव्हीचं काम करणारा खासगी डॉक्टर गाठावा, चिठ्ठीवर गोळ्या विकत मिळतात. मात्र प्रत्येक मेडिकलमध्ये नसतात, म्हणून आधी फोन करावा. अत्याचाराच्या बाबतीत तर सरकारी असो की खासगी, कुठल्याही हॉस्पिटलने मोफत उपचार द्यायलाच हवेत, तसा कायदाच आहे. काहीच सुचत नसेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

आता माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतो. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने असं चाचण्यांचं वेळापत्रक मला दिलं होतं. यात मधे थांबणं सगळ्यात अवघड, आणि खासगी लॅबवाले नेमकं तिथेच गाठतात. “दहा दिवसांत छडा, पीसीआर करा,” म्हणून काही हजारांचं पॅकेज. मलाही ओळखीतल्यांनी ऑफर केलं, सवलतीत! पीईपी चालू असताना विषाणू असलाच तर दबलेला असतो. तेव्हाच्या निगेटिव्हवर निर्धास्त व्हायचं नसतं. पैसे जातात आणि शांत झोप फार तर दोन रात्री लागते. सरकारी केंद्रातली साधी, मोफत, योग्य वेळी केलेली चाचणी पुरते.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरतात. सुईतून एचआयव्हीपेक्षा कावीळ ब पटकन लागते. लस न घेतलेल्याला रुग्णाच्या रक्तानुसार शंभरात ६ ते ३० पर्यंत. कावीळ क शंभरात दोन किंवा त्याहूनही कमी, आणि तिला लसही नाही, प्रतिबंधाच्या गोळ्याही नाहीत, फक्त लक्ष ठेवायचं. मी कावीळ ब चे तिन्ही डोस पूर्वीच स्वतःच्या पैशाने घेतले होते. खरं तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्यांना ही लस मालकाने द्यायची असते. एचआयव्ही कायद्यातही, जिथे सुई टोचण्याचा धोका आहे तिथल्या कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी मिळवून देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. मी हे सरांना दाखवलं. ते म्हणाले, “तू कर्मचारी कुठे, तू तर कमिशनवर.” लॅबला तारा का नाही, कळलं असेल. आता दुसरीकडे काम करतो. तिथे सुया टाकायला न फुटणारा पांढरा डबा बॅगेसोबतच मिळतो आणि लस झाल्याचा कागद आधी बघतात.

सहा आठवड्यांची निगेटिव्ह, तीन महिन्यांचीही निगेटिव्ह. सहा महिन्यांची राहिली आहे. मॅडम म्हणाल्या, कुठल्याही आयसीटीसीत करा, तालुक्याच्या दवाखान्यातही होते, कार्ड तेवढं दाखवा. गावाकडे जाणं होतंच, पण तिथे केसपेपर काढणारा माझा शाळेतला मित्र आहे आणि त्याच्या पोटात पाणी टिकत नाही. मी नाशिकलाच जाईन. खुर्ची अजून डगमगते का तेही बघता येईल.